विश्वासाचा घोडा आणि रँचचा घोडा

अमेरिकेच्या पश्चिम भागात, टेक्ससपासून मोंटानापर्यंत पसरलेल्या गुरांच्या मुलुखात, घोडा बाळगणाऱ्या सामान्य कुटुंबापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. दारात अनेक वर्षांचा परिचित, पाठीवर लहान मूल बसविले तरी न बुजणारा, हाक मारताच कुंपणापाशी येणारा एक घोडा असतो. त्याचे वय पंधरा-सोळा झालेले असते आणि चालीतली पूर्वीची तडफ ओसरू लागलेली असते. अशा वेळी एखादा व्यापारी, किंवा शेजारचा गुरे पाळणारा जमीनदार, आपला सात-आठ वर्षांचा, दोर आणि खिल्लार यांच्या कामात मुरलेला घोडा अदलाबदलीत देऊ करतो, वर काही रक्कम मागतो आणि दोन-चार दिवसांत होकार द्या म्हणतो. हा सौदा वरवर पाहता सरळ आहे. परंतु त्यात दोन स्वतंत्र निर्णय एका गाठीत बांधलेले असतात, आणि ती गाठ न सोडविता होकार देणारा मनुष्य पुष्कळदा दोन्हीकडून नुकसान पावतो.

रँचवरच्या घोड्याची ख्याती कशावर उभी आहे हे प्रथम पाहिले पाहिजे. घोड्यावर बसून गुरे राखण्याची विद्या त्या खंडात स्पॅनिश लोकांनी नेली. एर्नान कोर्तेस १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्या सैन्याबरोबर सोळा घोडे होते. त्या वंशाचा आणि त्यामागून आलेल्या घोड्यांचा विस्तार होत होत उत्तरेकडील कुरणे त्यांनी व्यापली. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपल्यावर टेक्ससमधील लांब शिंगांची गुरे शेकडो मैल हाकीत कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत नेण्याचा मोठा उद्योग सुरू झाला, आणि १८६७ पासून ॲबिलीन हे गाव त्याचे पहिले मोठे नाके बनले. या उद्योगात गुरांचा स्वभाव ओळखणारा, आखूड अंगाचा, पुठ्ठ्यात भरलेला आणि क्षणात वेग घेणारा घोडा निवडला जाऊ लागला. पाव मैलाच्या शर्यतीत त्याला तोड नसल्यामुळे त्या जातीला क्वार्टर हॉर्स म्हणू लागले. तिची वंशनोंद ठेवणारी संस्था १९४० मध्ये फोर्ट वर्थ येथे स्थापन झाली आणि तिच्या दप्तरात पहिला क्रमांक लागला तो टेक्ससच्या किंग रँचमध्ये पैदा झालेल्या विम्पी नावाच्या घोड्याचा, १९४१ च्या फोर्ट वर्थ प्रदर्शनात तो अव्वल ठरल्यामुळे.

या मोठ्या रँचवर घोडा आणि स्वार यांचे नाते कसे असे, हे मराठी वाचकास शिलेदार आणि बारगीर या जुन्या भेदावरून चटकन उमगेल. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. बारगिरास घोडा सरकारी पागेतून मिळे. गुरांच्या तांड्याबरोबर चालणारा काउबॉय बहुधा बारगिराच्या जातीचा असे. खोगीर त्याचे स्वतःचे, पण घोडे मालकाचे. आणि एकाच्या दिमतीस सहा ते दहा घोडे नेमून दिलेले असत, कारण एका घोड्यावर दिवसभराचा भार टाकणे त्या कामात शक्यच नव्हते. सकाळी लांब पल्ल्याच्या फेरीस एक, दुपारी गुरे निवडण्यास दुसरा आणि रात्रीच्या पहाऱ्यास अंधारात पाय न चुकणारा तिसरा, अशी वाटणी असे. रँचचा घोडा हा अशा शिस्तीचे फळ आहे. त्याला अनेक हात, लांब मजल आणि नेमून दिलेले काम यांची सवय असते. एकाच माणसाच्या लाडाची सवय त्याला सहसा नसते.

काम करताना त्याला पाहावे, म्हणजे त्याचे मोल कळते. वसंत ऋतूत वासरांना डाग देण्याच्या वेळी स्वार खिल्लारात शिरतो, वासराच्या अंगावर दोराचा फास टाकतो आणि दोराचे दुसरे टोक खोगिराच्या पुढल्या खुंट्याला झटक्यात दोन वेढे देऊन आवळतो. त्या क्षणापासून अर्धे काम घोड्याचे. दोर सैल पडला तर वासरू निसटेल, फार ताणला तर त्याला इजा होईल. म्हणून कसलेला घोडा दोराकडे तोंड करून उभा राहतो आणि वासरू पुढे सरकले की आपण मागे, ते थांबले की आपण थांबून, ताण नेमका तेवढाच ठेवतो. स्वार खाली उतरून वासरापाशी गेला तरी चांगला घोडा ही जबाबदारी सोडीत नाही. कळपातून एकच कालवड वेगळी काढावयाची असेल तर तो कान तिच्यावर रोखतो आणि तिने वळण्यापूर्वी वळतो. याच तत्परतेत नवख्या स्वाराचा धोका दडलेला आहे. कारण घोडा डावीकडे झेपावेल याची कल्पना नसलेला, मांड कच्ची असलेला मनुष्य उजवीकडे जमिनीवर पडतो.

म्हणून पहिला निर्णय असा करावयाचा की आपल्याला कोणते काम आहे. ज्याच्या घरी गुरे आहेत, जो आठवड्यातील बहुतेक दिवस खोगिरावर असतो, त्याला असा घोडा मिळणे हे भाग्यच होय. परंतु रविवारी दोन तास पायवाटेवरून फिरणे आणि मुलांना बसावयास शिकविणे, एवढाच ज्याचा विनियोग, त्याच्या लहानशा आवारात हा घोडा पूर्वीचाच राहील असे धरून चालता येत नाही. रँचवर तो दररोज कित्येक मैल चाललेला असतो, रात्री सोबत्यांच्या कळपात मोकळा सोडलेला असतो आणि त्याचे पोषण मुख्यतः कुरणाच्या गवतावर झालेले असते. तोच घोडा तबेल्यात एकटा कोंडून, धान्याची चंदी वाढवून, आठवड्यातून एकदा बाहेर काढला की महिन्या-दोन महिन्यांत त्याच्या अंगात न खर्चलेली शक्ती साठते. मग विकणाऱ्याने फसविले अशी तक्रार होते, वस्तुतः घोड्याच्या परिस्थितीत झालेला पालट तक्रारदाराने हिशेबात धरलेला नसतो.

दारातल्या जुन्या घोड्याचे मोलही याच कसोटीवर लावले पाहिजे. घोडा हा मूळचा भक्ष्य होणारा प्राणी असल्यामुळे धोका दिसताच पळणे ही त्याची उपजत बुद्धी आहे, आणि विश्वासू घोडा म्हणजे ती बुद्धी माणसाच्या सांगण्यावरून आवरण्यास शिकलेला घोडा. मोटारीचा कर्णा, वाऱ्याने फडफडणारे कापड, अवचित उठलेले पाखरू, अशा शेकडो प्रसंगी त्याने भिऊन पाहिलेले असते आणि आपल्या स्वाराच्या बैठकीतून व लगामातून धीर घेतलेला असतो. हा विश्वास त्या दोघांमधला असतो. तो नव्या घोड्याबरोबर खरेदीत मिळत नाही आणि जुन्या घोड्याबरोबर नव्या मालकास पुरतेपणी देताही येत नाही. बाजारात वयामुळे त्याची किंमत उतरलेली असते. पण घरातील नवशिक्याच्या हाडांची सुरक्षितता ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याचे मूल्य बाजारभावाने ठरविणे शहाणपणाचे नव्हे.

तरीही गरज खरी असेल तर नवा घोडा घ्यावा, मात्र परीक्षा करून घ्यावा. सारंगखेड्याच्या यात्रेत गिऱ्हाईक करते तेच टेक्ससमधील गिऱ्हाईकही प्रथम करते: घोड्याचे तोंड उघडते. पाच वर्षांचा होईपर्यंत त्याचे समोरचे सर्व दुधाचे दात पडून पक्के दात आलेले असतात. सुमारे दहाव्या वर्षी वरच्या कडेच्या दातावर हिरडीलगत एक पिंगट खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत उतरते आणि विसाव्याच्या सुमारास खालच्या टोकास पोहोचते. ही खूण अंदाजापुरतीच, पण सात वर्षांचा म्हणून बारा वर्षांचा घोडा गळ्यात पडण्यापासून ती वाचविते. त्यानंतर खरेदीदाराने स्वतः नेमलेल्या पशुवैद्याची पाळी. तो पायाचा सांधा मिनिटभर दुमडून धरतो आणि सोडताच घोड्याला दुलकीने पळवितो; सांध्यात दुखणे असेल तर पहिल्या काही पावलांतच लंगड उघडकीस येते. दोराच्या कामात वारंवार झटके सोसलेल्या घोड्यांत हे पाहणे अगत्याचे आहे. फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक देऊन लंगड झाकता येते आणि गुंगीचे औषध देऊन खट्याळपणाही. म्हणून रक्ताची तपासणी मागण्यात संकोच बाळगू नये. वंशावळही वाचावी. १९६९ मध्ये जन्मलेल्या इंप्रेसिव्ह नावाच्या नामांकित घोड्याच्या संततीत स्नायूंना अकस्मात झटके आणणारा आनुवंशिक विकार उतरला आणि त्याची खात्रीलायक चाचणी १९९२ पासून उपलब्ध झाली. शेवटी कागदपत्रे: पश्चिमेकडील अनेक राज्यांत घोड्याच्या अंगावरील डाग आणि मालकीचा दाखला सरकारी निरीक्षकाने ताडून पाहिल्याखेरीज विक्री पुरी होत नाही.

या सर्वांहून अधिक गंभीर तो दुसरा निर्णय, आणि अदलाबदलीच्या सौद्यात तोच नजरेआड राहतो. जुना घोडा व्यापाऱ्याच्या गाडीत चढला की पुढे त्याचे काय होते? घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो. म्हणजे सोळाव्या वर्षी दिलेल्या घोड्याचे कदाचित दहा वर्षांचे आयुष्य बाकी असते. व्यापाऱ्याला तो ठेवावयाचा नसतो, विकावयाचा असतो, आणि लवकर गिऱ्हाईक न मिळाल्यास लिलावाची वाट जवळची असते. अमेरिकेतील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद पडले, परंतु त्यानंतरही लिलावात स्वस्तात घेतलेले घोडे मांसासाठी मेक्सिको आणि कॅनडाच्या हद्दीपार नेले जात राहिले. प्रत्येक व्यापारी असा नसतो. प्रामाणिक व्यापारी पुष्कळ आहेत. पण घोडा तीन-चार हातांतून गेल्यावर पहिल्या प्रामाणिक माणसाच्या शब्दाचे बळ उरत नाही.

यासाठी जाणती माणसे दोन्ही व्यवहार वेगळे ठेवतात. रँचच्या घोड्याची किंमत रोख ठरवून, शक्य असल्यास पंधरा दिवस आपल्या आवारात वापरून पाहण्याची मुदत मागून, तो आपल्याच कामावर कसा वागतो ते पाहतात. जुन्या घोड्यासाठी स्वतंत्रपणे घर शोधतात: घोडेस्वारी शिकणारे एखादे मूल, किंवा शांत घोड्याच्या शोधात असलेले उतारवयातील कोणी. त्याला देताना लेखी करार करतात, आणि पुन्हा विकण्याची वेळ आली तर प्रथम हक्क मूळ मालकाचा, असे कलम त्यात घालतात. असे घर मिळाले नाही तर दोन घोड्यांचा खर्च आपल्याला झेपतो काय याचा हिशेब मांडतात. पाचशे किलो वजनाच्या घोड्याला रोज सुमारे दहा किलो वाळका चारा लागतो, नालबंद आणि पशुवैद्य वेगळे. ही रक्कम लहान नाही. ती झेपत नसेल तर नव्या घोड्याची खरेदी काही वर्षे लांबणीवर टाकणे, हाही एक सन्मान्य निर्णय आहे.

माझे मत स्पष्ट आहे. उत्तम घोड्याची इच्छा धरण्यात काही गैर नाही, आणि गुरांचे काम ज्याच्या वाट्यास आहे त्याने केवळ ममतेपायी थकलेल्या घोड्यावर ते लादणे हाही त्या घोड्यावर अन्यायच. परंतु ज्या प्राण्याने आपली भीती आवरून आपल्याला वाहून नेले, त्याला नव्या खरेदीतील रकमेची तूट भरून काढणारी बाब म्हणून मांडणे योग्य नव्हे. जुन्या घोड्याची सोय आधी लावावी आणि नव्याचा सौदा नंतर करावा. हा क्रम ज्या व्यवहारात पाळता येत नाही, तो व्यवहार कितीही किफायतीचा दिसला तरी नाकारावा.