प्रवेश परीक्षेचे अखेरचे दिवस : विद्यार्थ्याची तयारी आणि गावाची जबाबदारी

बारावीची लेखी परीक्षा संपली की घराघरांत सुटकेचा निःश्वास टाकला जातो. गावात लग्नसराई सुरू होते, जत्रांचे दिवस येतात. परंतु विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची खरी कसोटी अद्याप बाकी असते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र व कृषी या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत घेण्यात येणारी सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजेच सर्वपरिचित सीईटी, याच सुमारास येते. वर्षभराच्या अभ्यासाचे फळ या परीक्षेत पदरात पडावयाचे असते. ते पडण्यात किंवा हातचे जाण्यात शेवटच्या दहा-बारा दिवसांचा वाटा मोठा असतो. या दिवसांत विद्यार्थ्याने काय करावे, याइतकेच त्याच्या भोवतालच्या मंडळींनी काय करावे, हेही महत्त्वाचे आहे.

परीक्षेचे स्वरूप

या परीक्षेचे स्वरूप नीट न कळल्यामुळे होणारे नुकसान अभ्यासाच्या उणिवेपेक्षा कमी नसते. प्रचलित रचनेनुसार परीक्षा २०० गुणांची आहे. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण, तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या प्रत्येकी ५० प्रश्नांना १ गुण असतो. गणिताऐवजी जीवशास्त्र घेणाऱ्यांना त्या विषयाचे १०० प्रश्न सोडवावे लागतात. दोन्ही भागांसाठी स्वतंत्रपणे ९० मिनिटे मिळतात. याचा अर्थ असा की, गणिताच्या एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांहून थोडा अधिक, तर इतर विषयांच्या प्रश्नाला एका मिनिटाहूनही कमी वेळ उपलब्ध असतो. सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीच्या आणि २० टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक प्रकरणांवर असतात. अकरावीची पुस्तके वर्षापूर्वीच बाजूला ठेवलेल्या विद्यार्थ्याला या २० टक्क्यांची आठवण बहुधा शेवटच्या आठवड्यात होते.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय मराठीतूनही देता येतात. गणिताचे प्रश्न मात्र इंग्रजीतच असतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना गणित येत असूनही प्रश्नाची भाषा अडवते. त्यांच्यासाठी शिक्षकांनी शंभर-दीडशे गणिती संज्ञांची इंग्रजी-मराठी यादी करून दिली, तर ते दोन दिवसांचे काम अनेकांचे गुण वाचवील.

उत्तर सोडावे की द्यावे?

अनेक विद्यार्थी सीईटीबरोबर वैद्यकीय प्रवेशासाठीची नीट ही परीक्षाही देतात. दोन्ही परीक्षांतील गुणदानाची पद्धत भिन्न आहे. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरासाठी १ गुण वजा होतो. सीईटीमध्ये चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. नीटची सावधगिरी अंगी मुरलेला विद्यार्थी सीईटीतही शंका असलेले प्रश्न कोरे सोडतो आणि आपल्या हाताने आपले नुकसान करून घेतो. गणिताचे २० प्रश्न अनुत्तरित राहिले असे समजू. प्रत्येकी चार पर्याय असल्याने नुसत्या अंदाजानेही सरासरी ५ उत्तरे बरोबर येण्याचा संभव असतो. म्हणजेच १० गुण. एखादा पर्याय निश्चित चुकीचा आहे एवढे ओळखता आले, तर हा संभव आणखी वाढतो. म्हणून शेवटची काही मिनिटे राखून ठेवून एकही प्रश्न कोरा न सोडणे, हा सीईटीचा पहिला नियम होय.

निकालाविषयीही असाच गैरसमज आढळतो. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने निकाल शततमकात, म्हणजे ज्याला सर्वत्र पर्सेंटाइल म्हणतात त्यात, जाहीर होतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्या सत्रातील १०० पैकी ९० परीक्षार्थी त्या विद्यार्थ्याच्या बरोबरीने किंवा त्याच्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ. सराव परीक्षेत २०० पैकी ११० गुण पडले म्हणून मुलीला बोल लावणाऱ्या पालकांना हा फरक कोणीतरी समजावून सांगितला पाहिजे.

नवे वाचन नको, आठवणे हवे

शेवटच्या दिवसांत नवीन प्रकरण हाती घेण्याचा मोह अनावर असतो. परंतु स्मरणशक्तीविषयीचे संशोधन वेगळेच सांगते. २००६ साली रोडिगर व कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मजकूर पुनःपुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना तो पाच मिनिटांनंतर अधिक आठवला. परंतु आठवड्यानंतर आघाडीवर राहिले ते, पुस्तक मिटून आठवून पाहणारे विद्यार्थी. वाचताना सारे ओळखीचे वाटते आणि ती ओळखच ज्ञान आहे असा भास होतो. तेव्हा सूत्रे न पाहता लिहून काढणे, चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवणे आणि घड्याळ लावून सराव प्रश्नपत्रिका देणे, हा या दिवसांतील खरा अभ्यास होय.

झोपेला पर्याय नाही. दिवसा शिकलेले मनात पक्के होण्याचे काम झोपेत चालते. रात्रभर जागून केलेली उजळणी दुसऱ्या दिवशीच्या ५४ सेकंदांच्या प्रश्नापुढे टिकत नाही.

गावाने करावयाचे काम

येथपर्यंतचे सारे विद्यार्थ्याच्या हाती आहे. परंतु ज्या घरात एकच खोली आहे आणि समोरच्या मांडवात मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धक गर्जत आहे, तेथे झोप व एकाग्रता यांचा उपदेश निरर्थक ठरतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. काही ठराविक दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. एरवी नियम सर्वांना सारखा आहे. तक्रार करून शेजाऱ्याशी वैर घेण्याची पाळी कोणा एका कुटुंबावर येऊ नये. परीक्षेच्या पंधरवड्यापूर्वीच ग्रामपंचायतीने मंडप, बँड व जत्रा समितीच्या मंडळींना बोलावून समजूत घातली, तर पोलिसांकडे जाण्याचा प्रसंगच उद्भवणार नाही. समाजमंदिर किंवा शाळेची एक खोली रात्री दहापर्यंत अभ्यासासाठी उघडी ठेवणे, हेही पंचायतीला सहज शक्य आहे.

दुसरी अडचण संगणकाची. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर घेतली जाते. ज्याने माऊस क्वचितच हाताळला आहे, त्याची पहिली काही मिनिटे पडद्याशी झगडण्यात जातात. शाळेच्या संगणक कक्षात अशा मुलांना दोन-तीन वेळा सराव परीक्षा देऊ दिली, तर ही धास्ती नाहीशी होते.

तिसरी अडचण प्रवासाची व कागदपत्रांची. परीक्षा केंद्र पुष्कळदा तालुक्याबाहेर असते आणि प्रवेशद्वार ठरलेल्या वेळी बंद होते. पहाटेची एसटी आहे किंवा कसे, याची चौकशी आदल्या दिवशी नव्हे, तर प्रवेशपत्र हाती येताच करावी. एकाच केंद्रावर जाणाऱ्या मुलांसाठी एक वाहन ठरवणे गावाला कठीण नाही. प्रवेशपत्रावरील नाव व ओळखपत्रावरील नाव जुळते की नाही, हेही तेव्हाच पाहावे. जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र यांची गरज प्रवेशाच्या वेळी पडते. त्यासाठी परीक्षेच्या आठवड्यात मुलाला तहसील कार्यालयाचे खेटे घालावे लागणे, हे टाळता येण्याजोगे आहे. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे. ती पाळणारा अधिकारी एका परीक्षार्थीचे दोन दिवस वाचवतो.

मुलींच्या बाबतीत ही दक्षता विशेष अगत्याची आहे. २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्कात संपूर्ण सवलत देण्यात आली. मात्र या सवलतीची वाट प्रवेश परीक्षेतूनच जाते. केंद्रावर सोबत जावयास कोणी नाही, एवढ्या कारणाने एखादी मुलगी परीक्षेला मुकली, तर योजना कागदावरच राहील.

या दिवसांत एखादा मुलगा जेवेनासा झाला, बोलेनासा झाला, तर तो अभ्यासाचा शीण समजून दुर्लक्षू नये. टेली मानस या केंद्र शासनाच्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी विनामूल्य उपलब्ध आहे; तो शाळेच्या फलकावर लिहून ठेवावा. परीक्षेनंतरही वाटा खुल्या असतात, हे त्याला विश्वासाच्या माणसाकडून ऐकायला मिळाले पाहिजे.

परीक्षेच्या खोलीत विद्यार्थी एकटाच बसतो. परंतु तेथे तो रात्रीची पुरेशी झोप घेऊन, वेळेवर आणि निश्चिंत मनाने पोहोचला की नाही, याचे उत्तर त्याच्या गावाने, शाळेने आणि कार्यालयांनी द्यावयाचे असते.