परत फिरलेला टॉर्पेडो

(मी कॉन्व्हेंटवाला, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

मागच्या वायव्हाला सरांनी विचारलं, "फीडबॅक बिघडला तर काय होईल?" मी पाठ केलेलं उत्तर ठोकलं, "सर, सिस्टिम अनस्टेबल होईल." अनस्टेबल म्हणजे नक्की काय, ते मला रिचर्ड ओकेन यांच्याबद्दल वाचल्यावर समजलं.

ओकेन दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन पाणबुडी कॅप्टन, जन्म 1911 चा. आधी ते 'वाहू' पाणबुडीवर मॉर्टन नावाच्या कॅप्टनच्या हाताखाली होते. मॉर्टनची पद्धत जगावेगळीच. हल्ल्याच्या वेळी पेरिस्कोप ओकेनच्या हातात द्यायचा आणि आपण मोकळ्या डोक्याने डावपेच ठरवायचे. ऑक्टोबर 1943 मध्ये ओकेनना स्वतःची पाणबुडी मिळाली, 'टँग'. युद्धानंतरच्या अधिकृत मोजणीत तिच्या नावावर 24 जहाजं लागली. पण मला जास्त भावलं ते वेगळंच. 1944 मध्ये ट्रूक बेटांजवळ, शत्रूच्या अगदी दारात जाऊन, त्यांनी समुद्रात पडलेले 22 विमान-सैनिक उचलून आणले.

आता मूळ मुद्दा. टॉर्पेडोत गायरोस्कोप असतो. दिशा जराशी चुकली की तो रडर हलवतो आणि टॉर्पेडो पुन्हा सरळ येतो. झाला की नाही क्लोज्ड लूप! 25 ऑक्टोबर 1944 च्या पहाटे, तैवानच्या सामुद्रधुनीत, टँगने आपला 24 वा, म्हणजे शेवटचा टॉर्पेडो सोडला. तो डावीकडे वळला आणि वळतच राहिला... गोल फिरून थेट टँगकडे! ओकेननी पूर्ण वेग आणि पूर्ण रडरची ऑर्डर दिली, पण हातात जेमतेम वीस सेकंद होते. टॉर्पेडो मागच्या भागावर आदळला. आत काय अडकलं होतं, हे तपासायला तो उरलाच नाही. जास्त वळल्यास आपोआप निकामी होण्याची सोय त्यात नव्हती, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये 'टलिबी' पाणबुडी अशीच बुडाली होती!

87 पैकी 9 जण वाचले. त्यातले पाच जण सुमारे 180 फूट खोलीवरून, मॉमसेन लंग हे श्वासाचं साधन लावून वर आले. जपानी जहाजाने सगळ्यांना उचललं आणि बेदम मारलं. मारणारे कोण, तर टँगनेच बुडवलेल्या जहाजांवरचे भाजलेले लोक. ते कळल्यावर मार सोसणं थोडं सोपं गेलं, असं ओकेननी नंतर सांगितलं.

ऑगस्ट 1945 पर्यंत ते कैदेत होते. 1946 मध्ये त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं, 1994 मध्ये ते वारले. टँगवरचं त्यांचं पुस्तक 1977 चं. आमच्या लायब्ररीत नाही, विचारून आलो!