पोटखराबा : वसईच्या गावांचे रूप आणि आराखड्याचा कागद

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लागवडीस न येणाऱ्या जमिनीसाठी ‘पोटखराबा’ हा शब्द योजलेला असतो. शेतसाऱ्याची आकारणी करणाऱ्या अंमलदाराच्या दृष्टीने तो शब्द निर्दोष आहे, कारण ज्या भूमीतून पीक निघत नाही तिच्यावर सारा बसवू नये, एवढाच न्याय त्याला अभिप्रेत होता. परंतु वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एखाद्या वाडीत, चिंच-आंब्यांच्या छायेत, पिढ्यान्‌पिढ्या गोडे पाणी सांभाळून असलेले ‘बावखल’ नावाचे तळे जेव्हा त्याच रकान्यात जाऊन बसते, तेव्हा ज्याच्या आधाराने भोवतालची सारी बागायत उभी आहे तेच कागदाने खराब ठरविले, असा विपरीत प्रकार घडतो. महानगराच्या कडेला असलेल्या गावांचे वास्तुरूप आणि भूरूप नियोजनासाठी कसे पारखावे, या प्रश्नाचा विचार मी या एका शब्दापासून आरंभितो. कारण आराखडा रेखणारा हात नकाशावर जे लिहिलेले असेल तेवढेच पाहतो, आणि वसईच्या गावांत जे सर्वांत मोलाचे आहे ते अद्याप पुरते लिहिलेच गेलेले नाही.

या प्रदेशाचा पूर्व-पश्चिम छेद मनाशी घ्यावा. पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी भातखाचरे, मग रेल्वेचा रुळमार्ग, त्याच्या अवतीभवती खाजणे व मिठागरे, आणि त्यांपलीकडे वैतरणेच्या मुखापासून वसईच्या खाडीपर्यंत दक्षिणोत्तर पसरलेला वाळूमिश्रित भूमीचा उंचवटा. त्याच्या पश्चिमेस थेट समुद्र. हा उंचवटा म्हणजेच आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास, गिरीज, वाघोली, उमराळे, सांडोर या गावांची पांढरी आणि काळी. पूर्वी सोपाऱ्याच्या खाडीने तो मुख्य भूमीपासून जवळजवळ विलग केलेला होता, आणि तिन्ही बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या चिंचोळ्या भूमीवर माणसाला शेती करता आली ती केवळ एका गोष्टीमुळे : पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते, आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे जमिनीच्या पोटात त्याच्यावर तरंगत राहते. उपसा बेताचा असेल तोवर ते टिकते; अति उपसा झाला की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते.

बावखल हे या निसर्गनियमाचे माणसाने ओळखलेले उत्तर होय. हाताने खणलेले, उतरत्या काठांचे, तळाशी न बांधलेले हे तळे पावसाळ्यात वाडीतील आणि वाटेवरील पाणी स्वतःकडे ओढून घेते, ते सावकाश भूमीत मुरविते, आणि उन्हाळ्यात भोवतालच्या विहिरींना त्याचा परतावा देते. खणलेली माती भरावाला घालून घराची जोती आणि वाडीची जमीन उंच केली जाई. म्हणजे एकाच श्रमात पाण्याला खळगा आणि माणसाला कोरडी जागा, अशी दोन्ही कामे साधत असत. विहिरींवर पुढे रहाट आले, बैल-रेड्यांच्या फेऱ्यांबरोबर पाणी पाटाने केळीच्या बागेत, पानवेलींच्या मळ्यात आणि फुलझाडांच्या वाफ्यांत खेळू लागले. आगाशीची सुकेळी आणि दादरच्या फुलबाजारात पहाटेच्या गाडीने जाणारी वसईची फुले यांचे मूळ शोधीत गेल्यास ते या खळग्यापाशीच पोहोचते.

घराकडे मी मुद्दाम नंतर वळतो, कारण वास्तुरूप म्हणताच दर्शनी भागाचे छायाचित्र काढून काम संपले असे मानण्याची एक सवय पडून गेली आहे. वसईच्या जुन्या घराला रस्त्याकडचे तोंड असते हे खरे, परंतु त्याचे खरे नाते मागील वाडीशी असते. उंच जोते, समोर ओटी, आत माजघर, वर धान्य-गवतासाठी माळा किंवा लाकडी कठड्याची माडी, जाड विटांच्या चुनेगच्ची भिंती, आणि चारी बाजूंनी खोल उतरलेले कौलारू छप्पर, की ज्याच्या पागोळ्या ओटीपासून हातभर दूर पडतात. हे छप्परही एका काळाचे साक्षीदार आहे : बाझेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढल्यानंतर ती चपटी लाल कौले कोकणकिनाऱ्याने पसरत गेली आणि हळूहळू कुंभारी नळीच्या कौलांची जागा त्यांनी घेतली. ख्रिस्ती वस्तीच्या तिठ्यावर क्रूस, हिंदू वस्तीच्या अंगणात तुळशीवृंदावन. परंतु जोत्याची उंची, ओटीची रुंदी, छपराचा उतार आणि मागच्या विहिरीचे अंतर हे दोहोंकडे बहुतांशी एकच, कारण पाऊस आणि वाळू यांना धर्म नाही. सामवेदी, वाडवळ, भंडारी, कोळी अशा निरनिराळ्या समाजांच्या वस्त्यांतून हिंडताना बोली बदलते, कादोडीचे स्वर कानी पडतात, आणि तरीही वाटेची रुंदी व कुंपणाची रीत ओळखीचीच राहते. ज्याला गावाचे रूप म्हणावयाचे ते या सातत्यात आहे, एखाद्या देखण्या माडीत नाही.

इतिहासाची साक्षही येथे जमिनीतच पुरलेली आहे. सोपारा हे प्राचीन शूर्पारक. तेथील बुरूड राजाच्या कोटाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले आणि तो बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा पूर्वीच मिळाला होता. नवव्या शासनाचा तुकडा १९५६ साली सापडला तो भुईगावात, आज जेथे केळी आणि भाजीपाला पिकतो त्या गावात. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. किल्ल्याचे तट पडले, मालक बदलले, परंतु बागायतीचा क्रम मोडला नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी धावू लागली, आणि त्या दिवसापासून ही गावे मुंबईची उपनगरे होण्याच्या मार्गाला लागली; मात्र स्थानके खाजणाच्या बाजूस पडल्यामुळे वाळूच्या उंचवट्यावरील गावांना शंभराहून अधिक वर्षांची सवलत मिळाली.

ती सवलत संपली १९८० नंतरच्या दशकात. १९९० साली सिडकोकडे वसई-विरार भागाचे नियोजन सोपविण्यात आले, स्थानकांभोवती इमारतींची दाटी झाली, आणि नव्या वसाहतींची तहान भागविण्यासाठी टँकर वाड्यांतील विहिरींपाशी येऊन उभे राहू लागले. या उपशाविरुद्ध आणि बागायती पट्टा बांधकामाला मोकळा करण्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे जे आंदोलन उभे राहिले, त्याची योग्यता केवळ एका प्रतिकाराची नव्हती. आपल्या भूमीचे रूप काय आहे आणि ते कशावर टिकून आहे, याचे ते लोकांनी स्वतः केलेले पहिले जाहीर निरूपण होते, असे माझे मत आहे. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली, तेव्हा २९ गावांनी आपल्याला वगळावे म्हणून पुन्हा लढा दिला. २०११ साली ती वगळण्याची अधिसूचना निघाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. हा वाद हद्दीचा म्हणून ओळखला गेला, तरी त्याच्या मुळाशी गावाच्या रूपाचाच प्रश्न होता.

मग असे रूप पारखण्याची रीत कोणती? मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडिस यांनी नियोजनाआधी पाहणी, आणि पाहणी म्हणजे डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या छेदाचे वाचन, हा धडा या देशात हिंडून घालून दिला. वस्ती पाडून सरळ रस्ते काढण्यापेक्षा जपून, थोडे थोडे छेदून सुधारणा करावी, हा त्यांचा आग्रह होता. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २००२ साली याच विचाराची शासकीय मार्गदर्शिका निघाली. तिच्यात भूरूपाचे वर्णन आणि त्याच्या मोलाविषयीचा निर्णय ही दोन कामे वेगळी ठेवलेली आहेत, व हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीने इमारतींच्या श्रेणी ठरविल्या आणि काही वस्त्यांना परिसर म्हणून संरक्षण दिले, हे मोठेच पाऊल होते. परंतु वाडी, पाणंद आणि तळे यांना श्रेणी कशी द्यावी हे त्यातून कळत नाही.

येथे एका जुन्या ग्रंथाची आठवण होते. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. जमिनीचे तुकडे, कर्जे, पिके, कुटुंबांची मिळकत, सारे त्यांनी कसोशीने मोजले. आज ते गाव पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत लोपले आहे. तेथे शेती कशी तोट्यात होती हे आपल्याला त्या ग्रंथामुळे सांगता येते. पण वेशीवरून गाव कसे दिसत असे, हे सांगावयास तो ग्रंथ पुरेसा नाही.

वसईपुरते माझे म्हणणे असे, की मोजणीचे एकक घर नसून वाडी असावे. प्रत्येक वाडीतील बावखल, विहीर, पाटाची दिशा, जोत्याची पातळी, पाणंदीची रुंदी, कुंपणाची झाडे आणि घराची छपरे एकाच पत्रकावर यावीत, आणि ती पाहणी एकदा आषाढात व एकदा चैत्रात व्हावी, कारण पाणी कोठून येते हे आषाढात समजते व ते कोठे टिकते हे चैत्रात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याने विकास आराखड्यापूर्वी विद्यमान भूवापराचा नकाशा तयार करण्याचे बंधन घातलेलेच आहे, आणि नैसर्गिक व वास्तुविषयक महत्त्वाच्या स्थळांचे जतन हाही आराखड्याचा विषय मानला आहे. म्हणजे कायद्याची जागा रिकामी नाही, तीत भरावयाचा मजकूर रिकामा आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागाला एकच एकत्रित नियमावली लागू झाल्यावर हे काम अधिक निकडीचे झाले. एकाच मापाचे सामासिक अंतर कोरड्या माळावर आणि वाळूच्या उंचवट्यावर सारखेच लागू केले, तर भरावाची उंची कोण पाहणार? जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी तुंबून रेल्वे बंद पडली, मिठागरांतील माणसे अडकली. खाजणे भरली, नाले आवळले, बावखले बुजली, तेव्हा पाण्याला जावयास उरले ते रस्ते आणि तळमजले.

येथे राहणाऱ्यांची बाजू न ऐकता हे लिहिणे अन्यायाचे होईल. चार भावांत वाटणी झालेल्या घराला खोल्या हव्या असतात, दर पावसाळ्याआधी कौले चाळणारा माणूस मिळत नाही, आणि ज्याच्या मालकीचे बावखल आहे त्याने ते सर्वांच्या विहिरींसाठी फुकट राखावे, ही अपेक्षा न्याय्य नाही. माडांच्या शेंड्यांखाली राहील एवढ्या उंचीचे नवे घर जुन्या जोत्यावर अवश्य बांधू द्यावे, स्लॅब घातला म्हणून ते परके मानू नये. पण भराव घालून पाटाचे तोंड बंद करण्यास मात्र कोणालाही परवानगी नसावी. वारसा इमारतीच्या मालकाला मुंबईत जसा हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूद झाली, तसाच मोबदला बावखल राखणाऱ्या खातेदाराला द्यावा. सात-आठ गुंठ्यांचे पाणी राखण्यासाठी त्याने आपला वाटा सोडावयाचा आणि लाभ मात्र साऱ्या आळीने घ्यावयाचा, हा व्यवहार फार काळ चालणार नाही.

वाचकांपैकी जे या पट्ट्यात राहतात, किंवा ज्यांचे गाव महानगराच्या अशाच एखाद्या कडेला आहे, त्यांना माझी विनंती आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांची मुदत थोडी असते, आणि त्या मुदतीत पाहणी करणे शक्य नसते. म्हणून ती आताच करून ठेवावी. आपल्या आळीतील तळ्याचे लोक घेतात ते नाव, त्याचा भूमापन क्रमांक, पावलांनी मोजलेली लांबी-रुंदी, त्यात येणाऱ्या आणि त्यातून जाणाऱ्या पाटांच्या दिशा, काठावरील झाडे, आणि आषाढातील व चैत्रातील पाण्याची पातळी, एवढे एका कागदावर लिहावे, त्यावर आळीतील वडील माणसांच्या सह्या घ्याव्यात, आणि त्याची एक प्रत ग्रामस्थांपाशी ठेवावी व एक नगररचना कार्यालयात पोच घेऊन द्यावी.