लघवीच्या वाटेत अडकलेली वस्तू

मूत्रमार्गात काही अडकलेला पुरुष दवाखान्यात येतो तेव्हा बहुधा ‘लघवीला आग होतेय’ एवढंच सांगतो. आत असते पेनाची रिफिल, वायरचा तुकडा, पिन किंवा चुंबकी मण्यांची माळ. लाजेपायी तो गप्प बसतो आणि तोवर ऐकीव उपाय चालू असतात.

त्यातला सगळ्यात लाडका उपाय म्हणजे ढसाढसा पाणी प्यायचं, लघवीच्या जोरानं वस्तू आपोआप निघेल. क्वचित निघतेही, पण त्या भरवशावर राहू नये. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटीमीटर लांब असतो आणि तो सरळ नसतो. वृषणांच्या मागे वळून तो वर चढतो आणि प्रोस्टेटमधून मूत्राशयाला मिळतो. वस्तू त्या वळणापलीकडे सरकली की धारेच्या जोरानं ती परत येत नाही. वाट पूर्ण बुजली असेल तर पाण्यानं मूत्राशय तट्ट फुगतं आणि लघवी तुंबते. चिमट्यानं ओढायला जाणं तर त्याहून वाईट. वस्तू आणखी आत जाते, आतलं नाजूक अस्तर फाटतं आणि जखम भरताना पडलेल्या व्रणानं वाट कायमची आक्रसू शकते.

‘आता दुखत नाही, म्हणजे पडून गेली असेल’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. वस्तू मूत्राशयात उतरली की दुखणं खरोखरच कमी होतं. पण तिच्यावर लघवीतले क्षार बसत राहतात आणि पुढे कधीतरी मुतखडा म्हणून ऑपरेशन केलं, तर त्याच्या पोटात ती सापडते.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणूनही निर्धास्त राहू नये. धातू ठळक दिसतो, पण प्लॅस्टिक आणि लाकूड बरेचदा निसटतं. मग सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागतं. म्हणून वस्तू काय, किती लांब, किती नग, कधीपासून, हे डॉक्टरांना सरळ सांगावं. घरात तशीच दुसरी असेल तर ती खिशात टाकून न्यावी. तिची जाडी आणि टोक पाहून कुठला चिमटा वापरायचा ते ठरवता येतं. चुंबक असेल तर एमआरआय करायचा नाही. बटणासारखा सेल असेल तर सकाळची वाटही पाहायची नाही, तो काही तासांत आतून भाजतो.

‘ऑपरेशन केलं की पुरुषत्व जातं’ ही भीतीही निराधार. बहुतेक वेळा भूल देऊन दुर्बीण मूत्रमार्गातूनच आत घालतात आणि तिच्यातून बारीक चिमट्यानं वस्तू धरून काढतात. कधी ती मुद्दाम मागे मूत्राशयात ढकलून तिथून काढणं सोपं जातं. गुंता झालेल्या किंवा मोठ्या वस्तूसाठी ओटीपोटावर छेद घ्यावा लागतो, पण ते क्वचित.

असे रुग्ण म्हणजे विकृत, हेही खरं नाही. लैंगिक कुतूहल असतं, तसंच लहान मुलाचा खेळ, दारूची नशा, मानसिक आजार किंवा तुंबलेली लघवी स्वतःच मोकळी करायचा खटाटोपही असतो. काही वेळा तर वस्तू डॉक्टरांनीच ठेवलेली असते. मुतखडा काढल्यावर आत घातलेली डीजे स्टेंटची नळी ठरलेल्या मुदतीत काढायची असते. पण दुखणं थांबलेला रुग्ण फिरकत नाही आणि नळीवरच खडे चढतात.

बभ्रा होईल ही धास्तीही असते. प्रौढ माणसानं स्वतः असं काही केलं तर तो गुन्हा नाही, आणि वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन घातलं आहे. नातेवाइकांना बाहेर थांबवा, असं रुग्ण म्हणू शकतो. मूल असेल आणि अत्याचाराचा संशय आला, तर मात्र पॉक्सो कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं.

वस्तू निघाल्यावर काही दिवस प्रतिजैविकं आणि कधी कॅथेटर. त्यानंतर महिन्यांनी जरी धार बारीक झाली किंवा कुंथून लघवी करावी लागली, तरी पुन्हा युरॉलॉजिस्टकडे जाऊन वाट आक्रसली आहे का ते तपासून घ्यावं.