चांद्याचा परकोट : आख्यायिका, रचना व इतिहास

गोंडपिपरीच्या वायव्येस असलेले चंद्रपूर, म्हणजेच पूर्वीचे चांदा, ही या प्रदेशातील गोंड राजांची राजधानी होती. गोंड सत्ता म्हणजे अरण्यातील विस्कळित टोळ्यांचा समूह, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. चांद्याभोवतीचा दगडी परकोट या समजुतीस प्रत्यक्ष उत्तर देतो.

परंपरेनुसार नगराचा संस्थापक खांडक्या बल्लाळशहा होय. एका सशाने शिकारी कुत्र्याचाच पाठलाग केल्याचे त्याने पाहिले, आणि त्या धावेच्या मार्गावर राणीच्या सल्ल्याने तट आखला, अशी आख्यायिका आहे. उलट शिकारीची ही कथा भारतात अन्यत्रही नगरस्थापनेशी जोडलेली आढळते. म्हणून तिला इतिहास मानता येत नाही. एकोणिसाव्या शतकात मेजर लूसी स्मिथ यांनी या राजवंशाच्या परंपरा नोंदविल्या. त्यांवरून दिसते ते असे की, तटाचे काम एका राजवटीत पुरे न होता पिढ्यान्‌पिढ्या चालले.

तटाची रचना अधिक विश्वसनीय साक्ष देते. पश्चिमेस इरई व पूर्वेस झरपट या नद्या असून नगराच्या दक्षिणेस त्यांचा संगम होतो. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे, आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसान अशा पाच खिडक्या त्यास आहेत. हत्तीवर मात करणारा सिंह हे राजचिन्ह दरवाजांवर कोरलेले आहे. जुन्या गॅझेटिअरमध्ये तटाचा परीघ साडेपाच मैल नोंदला असून आत शेते व वस्त्या असल्याचाही उल्लेख आहे. यावरून हा केवळ लष्करी किल्ला नसून संपूर्ण नगराचे संरक्षण हाच त्याचा हेतू होता, असे अनुमान निघते. दगड काढणे, घडविणे, वाहून आणणे आणि कारागिरांना वर्षानुवर्षे पोसणे, हे नियमित महसूल व स्थिर शासन असल्यावाचून शक्य नाही.

तथापि या विस्तारातच तटाचा दुबळेपणाही होता. इतका लांब तट राखण्यास मोठी शिबंदी लागे. 1751 मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. मे 1818 मध्ये कर्नल ॲडम्स यांच्या इंग्रज फौजेने तोफांनी तटास खिंडार पाडून नगर घेतले.

राजघराण्याच्या वंशावळींतील सनावळीविषयी मतभेद आहेत. अशा स्थितीत तट हेच या राज्याचे एक प्रमुख अस्सल साधन ठरते. म्हणून त्याचा ढासळणारा प्रत्येक भाग हा इतिहासाच्या पुराव्याचाच नाश होय.