घर न पाहताच भाड्याने मागणारा भाडेकरू खरा की खोटा? असं तपासा

समजा, छत्रपती संभाजीनगरमध्ये सिडकोत किंवा बीड बायपासला तुमचा फ्लॅट रिकामा आहे. तुम्ही ऑनलाईन जाहिरात टाकता आणि थोड्याच वेळात फोन येतो, "फोटो पाहिले, घर पसंत आहे. माझी तिकडे बदली झालीय. बघायला यायला वेळ नाही, डिपॉझिट आजच पाठवतो."

असा फोन करणारा प्रत्येकजण ठग नसतो. वाळूज, शेंद्रा, बिडकीनच्या कंपन्यांत रुजू होणारे किंवा घाटीत आणि विद्यापीठात शिकायला येणारे अनेकजण दुसऱ्या शहरातूनच घर ठरवतात. पण नेमकं हेच वाक्य सायबर भामटेही वापरतात. मग फरक कसा ओळखायचा?

फसवणूक कशी होते?

या प्रकाराबद्दल देशातल्या अनेक शहरांच्या पोलिसांनी इशारे दिले आहेत. फोन करणारा स्वतःला लष्कराचा किंवा सीआयएसएफचा जवान म्हणवतो. आपल्या शहरात छावणी असल्यामुळे ते खरंही वाटतं. भाड्याबद्दल तो घासाघीस करत नाही. विश्वास बसावा म्हणून ओळखपत्र आणि आधार कार्डाचे फोटो पाठवतो. ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचे तरी असतात.

मग तो सांगतो, "आमच्या खात्याची पैसे देण्याची पद्धत वेगळी आहे. आधी तुम्ही १ रुपया पाठवा." तो रुपया दुप्पट होऊन परतही येतो. तुमची खात्री पटते. त्यानंतर क्यूआर कोड येतो, "हा स्कॅन करा आणि पिन टाका, डिपॉझिट जमा होईल." प्रत्यक्षात तुमच्याच खात्यातून पैसे जातात.

लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना किंवा शिल्लक तपासताना लागतो.

दुसरा प्रकार म्हणजे, "चुकून जास्त रक्कम गेली, उरलेली परत करा." अशा वेळी मेसेज किंवा स्क्रीनशॉटवर विसंबू नका. बँकेच्या ॲपमध्ये पैसे खरंच जमा झालेत का, ते आधी पाहा.

भाडेकरू खरा वाटत असेल तर काय तपासायचं?

व्हिडिओ कॉल: माणूस समोरासमोर बोलू द्या आणि घरही कॉलवरच दाखवा. खरा भाडेकरू पाणी, पार्किंग, कामाच्या ठिकाणापासूनचं अंतर असं काहीतरी विचारतोच. घराबद्दल एकही प्रश्न न विचारता फक्त पैशांची घाई असेल, तर सावध व्हा.

आधार: फोटो पुरेसा नाही. त्यावरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या अधिकृत ॲपने स्कॅन करा. त्यात दिसणारं नाव आणि फोटो, कार्डावरचा तपशील आणि कॉलवरचा चेहरा जुळायला हवा.

नोकरी किंवा शिक्षण: नियुक्तीपत्र किंवा प्रवेशाची पावती मागा. त्यावरच्या नंबरवर फोन करू नका. संस्थेच्या वेबसाईटवरून नंबर शोधा आणि खात्री करा.

आधीचे घरमालक: भाडं वेळेवर मिळायचं का, घर कसं सोडलं, हे दोन प्रश्न पुरेत.

आडनाव किंवा खाणंपिणं विचारून यातलं काहीच कळत नाही. ओळख आणि भाडं भरण्याची ऐपत, एवढंच तपासायचं आहे.

सगळ्यात पक्की चाचणी कोणती?

नोंदणीकृत भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी करणं बंधनकारक आहे. ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे, हे मालकाला सिद्ध करावं लागतं.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणीत मालक आणि भाडेकरू वेगवेगळ्या शहरांत असले तरी चालतं. दोघांचीही ओळख आधारद्वारे पडताळली जाते. म्हणजे 'मला येता येत नाही' ही सबब इथे उरत नाही, आणि दुसऱ्याचं आधार वापरणारा इथेच अडकतो.

खर्च किती? मासिक भाडं १० हजार, परत करायचं डिपॉझिट ३० हजार आणि मुदत ११ महिने असेल, तर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क ३०० रुपयांच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार रुपये आहे.

पोलिसांनाही कळवा. महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवर भाडेकरूच्या माहितीचा अर्ज भरता येतो. करार नोंदवला म्हणजे पोलिसांना माहिती गेली, असं गृहीत धरू नका. पोचपावती जपून ठेवा.

चावी कधी द्यायची?

आधी ओळख, मग करार, मग खात्यात डिपॉझिट आणि शेवटी चावी. हा क्रम बदलायला लावणाऱ्याला नम्रपणे नकार द्या.

पैसे गेलेच तर?

लाजेपोटी गप्प बसू नका. लगेच १९३० या हेल्पलाईनवर फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. चॅट, नंबर आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक डिलीट करू नका.