पैसे दिले, पण घर नावावर झाले का?



शेताचा सातबारा आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. वीतभर बांध सरकला तरी मोजणी मागतो. पण ज्या घरात राहतो त्याचा उतारा शेवटचा कधी पाहिलात, असे विचारले की उत्तर येते, "घरपट्टीची पावती आहे की माझ्या नावाची!" इथेच चूक होते.

माती नमुने आणि पीक कापणी प्रयोगाच्या निमित्ताने गावोगाव फिरताना शेतीचे बोलणे संपले की लोक घराचे कागद पुढे करतात. एका गावात थोरल्या भावाने शहरात नोकरीला असलेल्या धाकट्याचा हिस्सा विकत घेतला. पंच बसले, स्टॅम्पपेपरवर लिखापढी झाली, पैसे मोजून दिले. पुढे बारा वर्षे पट्टी थोरल्यानेच भरली. घर दुरुस्तीसाठी कर्ज काढायला गेला, तर उताऱ्यावर मालक म्हणून वडीलच. हा नुसता भोगवटादार! मधल्या काळात धाकटा वारला. त्याच्या मुलांना या व्यवहाराचा पत्ताच नाही. "साहेब, पैसे सगळ्यांसमोर दिले होते हो," एवढेच तो म्हणत राहिला. त्या पंचांपैकी आज एकच हयात आहे.

म्हणून सामाईक घरातला हिस्सा घेताना काय करायचे, ते क्रमाने पाहू.

पहिले काम : जुना उतारा

व्यवहार ठरण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. ही कर आकारणीची नोंदवही. तलाठ्याकडचा आठ-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. दोन्हींत गल्लत करू नका. नमुना ८ मध्ये मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटा करणाऱ्याचा वेगळा असतो. कोणाचे नाव कुठे आहे ते बोट ठेवून वाचा. मालक मयत असेल तर आधी वारसांची नोंद करून घ्या.

त्याच वेळी नमुना ९ म्हणजे मागणी नोंदवही पाहून घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीची बाकी किती ते विचारा. ती कोणी भरायची हे व्यवहारातच ठरवा, नाहीतर पुढे ती घरात राहणाऱ्याच्याच गळ्यात येते. भरल्यावर नमुना १० ची पावती मागून घ्या.

बहिणीची सही विसरू नका

"बहिणीला लग्नात दिलंय की," हे बोलणे कायद्यापुढे टिकत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या मागे मुलगी आणि विधवा आई दोघी वारस आहेत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. धाकट्या भावाने लिहून दिले म्हणजे फक्त त्याचाच हिस्सा मिळतो. बहिणीचा आणि आईचा तसाच राहतो. ज्यांचा हिस्सा घ्यायचा त्या सर्वांच्या सह्या दस्तावर हव्यात. हिस्सेदारांत कोणी अज्ञान मूल असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दस्त नोंदवलेलाच हवा

१९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये व त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. हक्कसोडपत्रालाही तीच अट आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला हजर करा. पैसे घेऊन हिस्सा सोडला जात असेल तर खरी रक्कम लिहा, ती बँकेतून द्या आणि धनादेश क्रमांक दस्तात घाला. खरेदीखत करायचे की हक्कसोडपत्र, यावर मुद्रांक शुल्कात मोठा फरक पडतो. ते आधीच कार्यालयात विचारून घ्या. दस्तात घराचा मिळकत क्रमांक, चतु:सीमा आणि क्षेत्र उताऱ्याशी जुळले पाहिजे.

मग ग्रामपंचायतीत अर्ज

बरेच जण दस्त झाला की कागद पेटीत ठेवतात. तसे करू नका. दस्ताची प्रत, सूची क्रमांक दोन म्हणजे इंडेक्स टू, जुना उतारा आणि बाकी नसल्याची पावती जोडून नाव बदलाचा अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. मासिक सभेत ठराव झाला की नवा उतारा काढा आणि नाव मालकाच्या रकान्यात आले का ते पाहा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून तुमच्या गावठाणाची मिळकत पत्रिका निघाली असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयातही फेरफार करावा लागतो.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. ती मालकी देत नाही. नमुना ८ ची नोंदही करवसुलीसाठी आहे. मालकीचा आधार नोंदवलेला दस्तच.

गावच्या कारभाऱ्यांनाही विनंती आहे. नुसत्या तोंडी सांगण्यावर किंवा प्रतिज्ञापत्रावर मालकाचे नाव बदलू नका. हिस्सेदाराची हरकत आली तर तिची नोंद घ्या. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयाचा आहे, तो सभेत मिटवायला जाऊ नका. मात्र कागद पुरे असतील तर शेतकऱ्याला हेलपाटे घालायला लावू नका.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. दिवाळीला भाऊ, बहिणी, भाचे सगळे घरी येतात. फराळ झाल्यावर हा विषय काढा, उतारा मधोमध ठेवा आणि निबंधक कार्यालयात जायचा दिवस तिथेच ठरवा. माणसे समोर आहेत, बोलणे गोड आहे, तोवरच हे काम होते.